कंदील नसलेलं घर

नलू,

तुझ्या घराची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. तुझा भाचा निखिल दिवस करून लंडनला, स्टॅनमोरला परत गेला आणि जाताना म्हणाला, "मावशी, घराचं काय ते ठरेपर्यंत झाडांना पाणी घालशील ना?" झाडं म्हणजे काय, खिडकीतली तुळस आणि स्वयंपाकघरातली कोरफड. तरी मी रोज जाते. पाणी घालते, पोस्ट उचलते आणि थोडा वेळ सोफ्यावर बसते. तुझ्या खुर्चीत बसत नाही. तू समोर आहेस असं धरल्याशिवाय मला तुझ्याशी भांडता येत नाही.

आपल्या मंडळाच्या अंकात तुझ्यावर एक चौकट छापून आली आहे. जन्म, शिक्षण, ग्लासगोतल्या प्राथमिक शाळेतली नोकरी, चर्चच्या हॉलमधला रविवारचा मराठी वर्ग, सगळं बरोबर आहे. शेवटी 'मनमिळाऊ स्वभाव' असं लिहिलंय. मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा श्रीकांत चहा पीत होता, त्याला ठसका लागला. मनमिळाऊ! अर्ध्या मंडळाशी तू एकदा ना एकदा अबोला धरलेला आहेस. उरलेल्या अर्ध्यांनी तुझ्याशी धरलाय. मी तेवढी राहिले, कारण मला अबोला जमत नाही. मी भूल देणारी डॉक्टर, आयुष्य माणसं गप्प करण्यातच गेलं. घरी आल्यावर बोलायला कोणीतरी लागायचं, आणि तू उलट बोलायचीस.

आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण त्या खेळावरून झालं. ते मिटलं नाही. आता मी एकटीच ते पुढे चालवतेय, म्हणून सुरुवातीपासून सांगते. तुझ्या वतीने खोटं बोलणार नाही, एवढं लक्षात ठेवीन.

तुझ्या शाळेत तेव्हा मोठ्या मुलांना गुलामगिरीचा धडा होता. तू तो शिकवून आलीस आणि पुढच्याच रविवारी मराठी वर्गात तोच घेऊन बसलीस. अमेरिकेतले गुलाम रात्रीचे पळून उत्तरेकडे कसे जायचे, दिवसा पाचोळ्यात आणि गोठ्यात कसे लपायचे, ओहायो नदी कशी ओलांडायचे. त्या चोरवाटेला भुयारी रेल्वे म्हणत, असं तू सांगितलंस आणि पाटलांच्या रियाने हात वर केला. "मावशी, कुठला स्टेशन? हिलहेड?" ग्लासगोच्या पोरांना भुयारी रेल्वे म्हणजे आपली सबवेच ठाऊक. तू हसली नाहीस. म्हणालीस, "या रेल्वेला रूळ नव्हते, डबे नव्हते. स्टेशन म्हणजे माणसांची घरं. आणि एका घराला फक्त पुढचं घर माहीत. त्याच्या पुढचं विचारायचं नाही, सांगायचं नाही. पकडले गेले तरी सगळी वाट सापडू नये म्हणून."

मग तू त्यांना ध्रुवबाळाची गोष्ट सांगितलीस, कारण पळणारे त्याच ताऱ्याकडे बघून चालायचे. ती गोष्ट त्यांना येत होती. तारा मात्र एकानेही पाहिलेला नव्हता. ग्लासगोत ध्रुव दिसायचा तर आधी ढग हटायला हवेत, आणि ते कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. "तारा दिसला नाही तर?" असं कोणीतरी विचारलं. तू म्हणालीस, "तर दिवा बघायचा. कुठल्यातरी खिडकीत कोणीतरी दिवा ठेवलेला असतो." तिथेच तुझ्या डोक्यात ते भूत शिरलं. दिवाळी तोंडावर आली होती.

पालकांची कुरकुर सुरू झाली. पोरांना बाराखडी येत नाही आणि बाई अमेरिका शिकवतात! शिवाजीमहाराज सोडून हे काय? तू त्यांना काय उत्तर दिलंस ते मला आठवतं, कारण त्यानंतर दोन पोरं वर्गातून गेली. तू म्हणालीस, "या गावातल्या रस्त्यांची नावं वाचता ना? जमैका स्ट्रीट. व्हर्जिनिया स्ट्रीट. तिकडे गुलामांनी पिकवलेल्या साखर-तंबाखूवर हे गाव श्रीमंत झालं. ती नावं का आहेत, ते पोरांना कोणत्याही भाषेत कळू दे. माझी मराठी आहे, म्हणून मराठीत."

एवढ्यावर माझी काही तक्रार नव्हती. माझी तक्रार खेळाची.

खेळ असा. दिवाळीच्या जवळच्या रविवारी, संध्याकाळी अंधार पडला की मुलांनी आपल्या भागातल्या मराठी घरांमधून एका घरातून दुसऱ्या घरी पोचायचं. ज्या खिडकीत आकाशकंदील लागलेला असेल तिथेच दार वाजवायचं. आतून विचारतील, "कोण आहे?" मुलांनी म्हणायचं, "वाटसरू." मग दार उघडायचं, फराळ द्यायचा आणि कानात पुढच्या घराचा पत्ता सांगायचा. एक घर मात्र अंधारं. ते पकडणाऱ्यांचं. ओळखीचं असलं, आत लाडू असले, तरी दिवा नसेल तर तिथे थांबायचं नाही. "ओळखीचं दार म्हणजे सुरक्षित दार नव्हे," हे तुझं वाक्य. फळ्यावर लिहिलं होतंस आणि निम्म्या पोरांनी ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट उतरवून घेतलं होतं.

मी म्हटलं, नलू, हा तमाशा आहे. त्या माणसांमागे कुत्री सोडलेली असायची. आपली पोरं मार्क्स अँड स्पेन्सरचे कोट घालून चकल्या खात फिरणार आणि घरी जाऊन म्हणणार, स्लेव्हरी वॉज फन! दुःखाचा खेळ करू नये. सांगायचं तर नीट सांगावं, ऐकवत नसेल तर सांगू नये. तू म्हणालीस, "विजू, तू पेशंटला न दुखता सगळं करतेस, तुझं बरं आहे. माझ्या मुलांना जागेपणी शिकायचंय. एकदा थंडीत बंद दारासमोर उभं राहून बघू देत, हे दार उघडेल की नाही. मोठेपणी आतल्या बाजूला असतील तेव्हा आठवेल."

उत्तर चांगलं होतं. पण मला पटलं नाही, आणि पहिल्या वर्षी जे झालं त्याने तर माझ्या हातात कोलीतच दिलं.

अंधारं घर व्हायला पटवर्धनवहिनी तयार झाल्या होत्या. झाल्या म्हणजे तू त्यांच्याकडून वदवून घेतलंस. पण रविवार उजाडला तो नेमका लक्ष्मीपूजनाचा, आणि संध्याकाळ झाली तशी त्यांच्याच्याने राहवेना. सणाच्या दिवशी दारात काळोख? त्यांनी कंदील लावला, पणत्या लावल्या, रांगोळी काढली. पोरांनी दिवा बघितला, दार वाजवलं. वहिनींनी सगळ्यांना आत घेतलं, करंज्या दिल्या, मांडीवर बसवलं. तू मागून धापा टाकत पोचलीस ती दारातूनच ओरडलीस, "अहो वहिनी, काय केलंत! सगळ्यांना परत विकलंत तुम्ही!"

"मी?" वहिनींच्या हातात करंज्यांचा डबा तसाच. "अगं, मी तर खायला दिलं!"

"तेच तर. ते लोकही आधी खायला द्यायचे."

पोरं करंजी खायची थांबली. रियाने अर्धी करंजी परत डब्यात ठेवली. वहिनी तुझ्याशी पाडव्यापर्यंत बोलल्या नाहीत. दिवाळीच्या नव्हे, गुढीपाडव्यापर्यंत. आणि पोरं पुढे कितीतरी दिवस त्यांच्या घरावरून जाताना फुटपाथ बदलायची. मी हसून हसून बेजार झाले आणि मग म्हटलं, बघ, हेच होणार होतं.

पुढच्या वर्षापासून अंधारं घर व्हायला एकही मराठी घर मिळेना. तू सगळ्यांना विचारलंस. मलाही विचारलंस. मी स्पष्ट नाही म्हटलं. पुण्याहून बॅगेत चपटा करून आणलेला कंदील मी दिवाळीच्या आधी खिडकीत लावते तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काढत नाही, आणि तुझ्या नाटकासाठी तर नाहीच नाही. शेवटी तू स्वतःचंच घर अंधारात ठेवायला लागलीस. दर दिवाळीला. कंदील नाही, पणती नाही, पडदे ओढलेले, आणि आत तू बसलेली, पोरं फसून आलीच तर पकडायला. बायका म्हणायच्या, "आधीच एकटी, त्यात सणाला घर काळं ठेवते." हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असणारच.

मग मिरियम आली. कांगोतून आईबरोबर आलेली, तुझ्या वर्गातली, त्या उंच फ्लॅट्समध्ये राहणारी. तेव्हा तिथे अशी पुष्कळ कुटुंबं होती, आश्रयासाठी केलेल्या अर्जाच्या निकालाची वाट बघणारी. तू तिला त्या वर्षी खेळाला घेऊन आलीस, आईसकट. तिला मराठीचा गंध नव्हता. 'वाटसरू' एवढा शब्द शिकली, आणि तो आपल्या पोरांपेक्षा स्वच्छ म्हणायची. माझ्या दारात आली तेव्हा सगळ्यांत पुढे होती. मी दिलेला लाडू तिने खाल्ला नाही, कोटाच्या खिशात ठेवला. मला वाटलं, आवडला नसेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, अजून उजाडायचं होतं, माझं दार वाजलं. मी चहा टाकत होते. आतूनच सवयीने विचारलं, "कोण आहे?"

बाहेरून बारीक आवाज आला. "वाटसरू."

मला खरंच वाटलं, वर्गातलं कोणी पोर चावटपणा करतंय. दार उघडलं तर मिरियम आणि तिची आई. आईच्या पायात घरातल्या सपाता, भिजून काळ्या झालेल्या. इमिग्रेशनची गाडी त्यांच्या बिल्डिंगखाली आली होती. शेजारणीने वरून बघितलं, दार ठोठावलं, आणि या दोघी मागच्या जिन्याने निघाल्या. सापडल्या असत्या तर विमानात बसवून परत पाठवलं असतं. तिकडे मिरियमच्या बापाचं काय झालं होतं ते तू मला नंतर सांगितलंस. मी ते इथे लिहीत नाही.

मी मिरियमला विचारलं, तू मिसकडे का नाही गेलीस? मिस तर पलीकडच्याच गल्लीत राहते. ती इंग्रजीत म्हणाली, "गेलो होतो. आई दार वाजवणार होती, मी वाजवू दिलं नाही. मिसकडे लाइट नव्हता." आणि माझ्या खिडकीतल्या कंदिलाकडे बोट केलं.

श्रीकांत खाली आला. "कोण आलंय?" मी म्हटलं, नलूच्या शाळेतली आहेत. त्याने दोघींकडे बघितलं, सपातांकडे बघितलं आणि उपम्याचा रवा वाढवला. नवरा बरा मिळालाय, अंकात चौकट यावी असा.

तुला फोन केला तेव्हा तू धावत आलीस, नाइटीवर कोट घालून. मिरियमला जवळ घेतलंस. मग मी तुला सांगितलं की त्या आधी तुझ्या दारात आल्या होत्या. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू जिन्याच्या पायरीवर बसलीस. मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं, असं तू नंतर म्हणालीस. पण मी मीच. मी म्हटलं, "हा तुझा खेळ! तिची स्वतःची बाई झोपलेली, ओळखीचं घर, आणि पोर जीव मुठीत धरून तुझ्या दारावरून पुढे गेली."

तू पायरीवरूनच मिरियमकडे बघितलंस. मग म्हणालीस, "म्हणजे शिकली."

आणि रडायला लागलीस. हसत होतीस की रडत होतीस ते मला नीट सांगता येणार नाही. त्या वाक्यावर आपण पुढची चार वर्षं भांडलो. तू म्हणायचीस, खेळ नसता तर पोरीला विजूचं दार माहीतच नसतं. मी म्हणायचे, खेळ नसता तर तिने सरळ तुझं वाजवलं असतं. दोन्ही खरं आहे. आता मला वाटतं, दोन्ही खरं आहे म्हणूनच आपल्याला भांडण मिटवायची घाई नव्हती.

त्याच संध्याकाळी तू गाडी घेऊन आलीस आणि दोघींना घेऊन गेलीस. मी विचारलं, कुठे? तू म्हणालीस, "पुढच्या घरी."

"कोणाच्या?"

"विजू, विचारायचं नसतं."

मला राग आला. दार मी उघडलं, अंथरूण मी घातलं, कोणी विचारायला आलं असतं तर उत्तर मी देणार होते, आणि मला एवढंही कळू नये? मी म्हटलं, मी काय तुझ्या वर्गातली पोर आहे का? तू म्हणालीस, "नाही. तू घर आहेस." आणि गाडी सुरू केलीस. नंतर किती वेळा खोदून विचारलं. पोचल्या का, आहेत का, परत पाठवलं का. तू ढिम्म. हॉस्पिटलात शेवटी मी पुन्हा विचारलं, तर ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणालीस, "गप गं." पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग तू गेलीस, आणि मला वाटलं, आता संपलं. ती पोर या जगात कुठे आहे, आहे की नाही, हे आता मला कळणार नाही. खरं सांगते, तू गेल्याच्या दुःखात हा राग मिसळलेला होता. अजून थोडा आहे.

क्रिमॅटोरियममध्ये मी पहिल्या रांगेत होते. पटवर्धनवहिनी शेजारी, त्या रडत होत्या, सगळ्यांत जास्त. बाहेर निघताना दाराशी एक उंच मुलगी उभी होती, शाळेच्या ब्लेझरमध्ये, केस घट्ट विणलेले. शेजारी आई, या खेपेला चांगले बूट घातलेली. मी ओळखलं नाही. तिनेच ओळखलं. "वाटसरू," ती म्हणाली आणि हसली.

नलू, त्या दारात मी तिला धरून जी रडले, ती तुझ्यासाठी रडतेय असंच सगळ्यांना वाटलं. तुझ्यासाठी होतंच. पण तिच्यासाठी जास्त होतं. तू समजून घे.

त्यांचे कागद झाले आहेत. आई एका केअर होममध्ये काम करते. मिरियम आता पक्की ग्लासगोची बोलते, मला निम्मं कळत नाही. तू गेल्याचं तुझ्या जुन्या शाळेतून तिला कळलं. सगळं ऐकून झाल्यावर मी शेवटी विचारलंच. इतकी वर्षं थांबले होते. "त्या संध्याकाळी मिस तुम्हाला माझ्याकडून कुठे घेऊन गेली?"

तिने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "मिसने सांगितलंय, पुढचं घर सांगायचं नाही."

"अगं, पण आता काय? आता तर सगळं नीट झालं ना?"

"हो. पण कधीपासून सांगायचं, ते मिस बोललीच नाही."

मी हसले. क्रिमॅटोरियमच्या दारात, काळ्या कोटातल्या माणसांसमोर मोठ्याने हसले. पटवर्धनवहिनींनी माझा दंड धरला, त्यांना वाटलं माझा तोल गेला. तुझी विद्यार्थिनी आहे ती. तू गेलीस तरी मला काही कळणार नाही, अशी व्यवस्था करून गेलीस.

आज दिवाळीचा रविवार. यंदा खेळ करायचा की नाही, यावर वर्गात बोलणं झालं. काही जण म्हणाले, नलूताई नाहीत, राहू दे. रिया आता युनिव्हर्सिटीत आहे, लहान वर्ग तीच घेते. ती म्हणाली, करायचा. मग प्रश्न आला अंधाऱ्या घराचा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण किल्ली माझ्याकडे. एकजण हळूच म्हणाला, तसंही ते घर अंधारातच आहे. ते मला झोंबलं. मी म्हटलं, अंधारं घर म्हणजे रिकामं घर नव्हे. आत कोणीतरी बसलेलं लागतं. मी बसते.

माझ्या घरी श्रीकांतने कंदील लावला. मी तुझ्याकडे आले, पडदे ओढले आणि या खेपेला तुझ्या खुर्चीत बसले. तिथून फाटक दिसतं, हे मला माहीत नव्हतं. थंडी होती, हीटिंग लावलं नाही. मला अजूनही वाटतं की या गोष्टीत चकली शोभत नाही, हे एकदा सांगून ठेवते.

मुलं आली. आधी पावलं ऐकू आली, मग कुजबुज. फाटकापाशी थांबली. एकाचा आवाज आला, "हा नलूमावशीचा घर आहे."

"आय नो."

"नलूमावशी आपला होती ना?"

"हो. पण लाइट नाही. चल."

आणि ती पुढे गेली. एकानेही फाटकाला हात लावला नाही. त्यांचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत येत राहिला, तोवर मी बसून होते. मग उठले, बाहेरचा दिवा लावला, आणि तो तसाच चालू ठेवून, कुलूप लावून घरी आले.